कॉलरची आतली बाजू

भात कापायला आलं की पेणच्या पेठेत दोन वास एकमेकांत मिसळतात. एक खाडीकडून येतो, ताज्या पेंढ्याचा आणि उन्हाने तापलेल्या खाऱ्या चिखलाचा. दुसरा कापडाच्या दुकानांतला, कोऱ्या ताग्यांच्या खळीचा. दिवाळी तोंडावर आलेली असते. भात अजून खळ्यावरून हललेलं नसतं, तरी घरातल्या पुरुषांना एकेक नवा सदरा हवा म्हणून माणसं दुकानाच्या पायऱ्यांवर बसलेली असतात. वर्षातून एकदाच कपडा निवडायचा, त्यामुळे निवडायला वेळ लागतो.

यंदा आम्हीही गेलो होतो. आमचे हे इथल्या भाताच्या गिरणीत मिस्त्री आहेत. दिवसभर अंगावर कोंडा आणि ग्रीस, म्हणून बाहेर जायचे कपडे स्वच्छ आणि साधे हवेत एवढाच त्यांचा हट्ट. दुकानात आता टेरेलीनचे तयार शर्ट आलेत. धुवा, झटका, घाला, इस्त्री नको, असं सगळीकडे चाललंय. दुकानदाराने चारपाच शर्ट गादीवर पसरले. ह्यांनी एक उचलला, आणि रंग, खिसा, बटणं यांतलं काही न बघता आधी कॉलर उलटी करून आतली बाजू पाहिली. मग दुसऱ्याची. मग तिसऱ्याची.

"मिस्त्री, आत शुं बघता?" गुजराती दुकानदार म्हणाला. "कोरा माल छे."

हे ओशाळून हसले आणि त्यांनी शर्ट खाली ठेवला. ही त्यांची जुनी खोड आहे. लग्न झाल्यापासून मी ती बघते आहे. विचारलं मात्र कधीच नाही, कारण त्या खोडीमागे काय असावं याचा मला अंदाज होता, आणि मला अंदाज आहे हे त्यांना माहीत नसावं असा माझा समज होता.

मी खारपाटातली. समुद्राचं पाणी बांध घालून बाहेर ठेवायचं आणि आतल्या जमिनीत भात काढायचं, असा तो मुलूख. तिथल्या पुरुषांचे कपडे दोनच प्रकारचे, चिखलाचे आणि पेठेचे. चिखलाचा म्हणजे कमरेला पंचा, डोक्याला फडकं, संपलं. पेठेचा म्हणजे सदरा, धोतर, काळी टोपी आणि वहाणा. वहाणा पायात घालायच्या नसत, हातात घ्यायच्या. बांधावरून मैलोगणती चालत यायचं, पेठेच्या तोंडाशी पिंपळाखालच्या डबक्यात पाय धुवायचे आणि मग वहाणा पायात सरकवायच्या. माझ्या बाबांची एक जोडी किती वर्षं टिकली ते सांगितलं तर कुणाचा विश्वास बसणार नाही. ती जोडी चालली कमी आणि वाहिली गेली जास्त.

बाकीचा ऐवज खिशात. पानतंबाखूची चंची, काडेपेटी, कुणाच्या करगोट्याला चावी. लहानपणी मला पुरुषांच्या खिशांचं फार अप्रूप वाटायचं. आम्हा बायकांना खिसाच नव्हता. जे काही असेल ते कनवटीला किंवा पदराच्या गाठीला, आणि गाठ सगळ्यांना दिसते.

बाबांची माणसं पारखायची एक रीत होती. माणूस बोलतो काय याकडे ते लक्ष देत नसत. त्याच्या अंगावरचं त्याचं आहे का, एवढं बघत. याला कारण होतं. माझ्या चुलतबहिणीला बघायला आलेला मुलगा मनगटावर घड्याळ बांधून आला होता. सबंध गाव त्या घड्याळावर भाळलं. लग्नाच्या दुसऱ्या आठवड्यात घड्याळ त्याच्या मालकाकडे परत गेलं, आणि मागोमाग कळलं की ज्या नोकरीसाठी वेळ बघायची ती नोकरीही नाही. बहीण पावसाळ्याआधी माहेरी आली ती आलीच. तेव्हापासून बाबा म्हणायचे, "फाटका असू दे, पन सोताचा असू दे. मागून आनल्याला असंल तर माज्या वट्यावर पाय ठेवू नको म्हनावं."

त्या वर्षीच्या कापणीला माझ्यासाठी दोन स्थळं आली होती.

लढाईपासून कापडावर असलेलं सरकारी कंट्रोल नुकतंच सैल झालं होतं. मुंबईला गिरणीत गेलेली आमच्याकडची पोरं सणाला येताना अंगात बुशशर्ट घालून येऊ लागली होती. सदरा नाही, कोट नाही, खोचायचाही नाही, असा तो मधलाच प्रकार. म्हाताऱ्यांना वाटे, पोरगं अर्धेच कपडे करून घराबाहेर पडलं. मानेवर रुमाल, मागच्या खिशात कंगवा, खिशाला पेन. ते पेन लिहिताना कुणी पाहिलं नव्हतं.

पहिलं स्थळ पलीकडच्या गावचं, बिजवर. वय माझ्या काकाएवढं. जमीन भरपूर. दसऱ्याच्या आधी ते येऊन गेले होते, कोट, सोन्याच्या बटणांची साखळी आणि कोरड्या ठणठणीत दिवशी छत्री घेऊन. बसल्यावर त्यांनी छत्री दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये उभी धरली, मुठीवर हनुवटी टेकली आणि मी आत जाईपर्यंत माझ्याकडे बघत राहिले. माणूस वाईट नसावा. पण त्यानंतर कितीतरी दिवस मला कुणाचीही छत्री दिसली की मी वाट बदलून जाई. बाबांना मात्र ते पसंत होते. कोट त्यांचा होता, साखळी त्यांची होती, छत्रीवरही दांड्याजवळ त्यांचं नाव कोरलेलं होतं.

दुसरं स्थळ मुंबईच्या कापडगिरणीतलं. आईच्या नात्यातून आलेलं. आईबाप नाहीत, काकाने वाढवलेला. बाबांनी ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "येऊ दे, बघू. पन तुळशीच्या लग्नाच्या आदी एकाला हां म्हनायचं हाय." नाही म्हणायचं ते कुणाला, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. मला कुणी विचारलं नाही. विचारायची पद्धत नव्हती, आणि विचारलं असतं तर काय सांगावं हेही मला सुचलं नसतं.

गिरणीला सुटी रविवारी. तो रविवार कोजागिरीच्या लगेच नंतरचा आला. आमच्या मुलखात पुनवेच्या उधाणात कुणी पाहुणा बोलावत नाही, कारण त्या दिवसांत घरातल्या माणसाचा एक डोळा बांधावर असतो. मुंबईच्या माणसाला वार कळतो, तिथी कळत नाही. धरमतरला लाँचमधून उतरून पुतण्या आणि काका बांधावरून चालत आले. बाबा वट्यावर उभे राहून लांबून बघत होते.

"बूट हातात हायत," ते आईला म्हणाले. आवाजात जरा समाधान होतं. "वळन हाय पोराला."

पोहे घेऊन मी बाहेर आले तेव्हा मान खाली होती, म्हणून मला आधी त्या माणसाचे पाय दिसले. दोन्ही टाचा सोलून निघालेल्या. बूट हातात का होते ते मला तिथेच कळलं. मग मान जेवढी वर करता येत होती तेवढ्यात शर्ट दिसला. फिकट निळा, बारीक पांढऱ्या रेघांचा, दोन खिशांचा बुशशर्ट. त्या रेघा मला आजही समोर दिसतात. चेहरा मी पाहिलाच नाही.

चहा यायच्या आत बांधावरून आरोळी आली. खांड पडली होती. खेकड्यांनी पोखरलेल्या जागी उधाणाने बांध फोडला होता आणि खारं पाणी आत शिरत होतं. शेतात निम्मं भात उभं, निम्मं कापून आडवं पडलेलं. खारं पाणी एकदा आत फिरलं की ते वर्ष तर जातंच, पुढची दोनतीनही जातात. अशा वेळी आमच्याकडे कुणी कुणाला बोलवत नाही. ज्याच्या कानावर आरोळी पडते तो हातात असेल ते टाकून पळतो. बाबा पळाले, आई पळाली. पाहुण्यांना सांगायलाही कुणी थांबलं नाही.

काका पुतण्याला म्हणाला, "तू बस. कपडं बघ अंगावरचं."

मी दाराच्या आत होते, तिथून अंगण दिसत होतं. तो उभा राहिला. त्याने मान खाली घालून स्वतःच्या शर्टाकडे पाहिलं. वरची दोन बटणं काढली, थांबला, आणि तीच दोन बटणं पुन्हा लावली. मग पँट गुडघ्यावर दुमडली आणि बांधाच्या दिशेने पळाला. त्याचा काका जरा वेळ पोह्यांच्या बशीकडे बघत राहिला आणि मग तोही गेला.

खांड बुजवणं लांबून बघितलं तर खेळ वाटतो. माणसांची रांग, एका हातातून दुसऱ्या हातात जाणारे चिखलाचे गोळे, आणि खांडीच्या तोंडाशी पेंढ्याचे भारे छातीने दाबून धरणारी चारपाच माणसं. ओहोटी लागेपर्यंत धरून ठेवायचं, बस. मी वट्यावरून डोळे ताणून बघत होते. सगळी काळी अंगं, त्यांत एक निळा ठिपका तोंडाशी उभा होता. थोड्या वेळाने तोही काळा झाला आणि मला ओळखू येईना.

भात वाचलं. माणसं परत आली ती चिखलाचीच झालेली होती. सगळ्यांनी तळ्यावर अंग धुतलं. पाहुण्याला बाबांनी आपला पंचा दिला, खांद्यावर चादर दिली. खारा चिखल कापडात वाळला की डाग कायमचा, म्हणून आईने त्याचे कपडे लगोलग माझ्याकडे धुवायला टाकले. "ती गंजीबी दे काढून," ती त्याला म्हणाली.

"राहू द्या मावशी, कोरडी हाय," तो म्हणाला. मानेवरून चिखलाचं पाणी त्या गंजीवरच ओघळत होतं. त्याने चादर आणखी घट्ट ओढून घेतली.

तळ्याच्या दगडावर मी शर्ट पसरला. कॉलर चोळायला उलटी केली आणि हात थांबला. आत बिब्ब्याची खूण होती, एक आडवी रेघ, खाली दोन ठिपके. माझा मामा मुंबईला असे. तिथले धोबी प्रत्येक गिऱ्हाइकाला आपली एक खूण देतात, आणि कापड विरलं तरी बिब्बा जात नाही, हे मी त्याच्याकडून ऐकलं होतं. त्याच्या सगळ्या कपड्यांवर एकच खूण असे. मी पँटीची कमरपट्टी उलटी केली. तिथे फुली आणि एक टिंब होतं. खिशातला रुमाल काढला. त्यावर तिसरंच काही.

त्याच्या मुंबईच्या खोलीतल्या तीन सोबत्यांनी मिळून एक नवरामुलगा उभा केला होता. बूट चौथ्या कुणाचे तरी असणार, टाचांनी ते आधीच सांगितलं होतं.

मला राग आला. फसवायला आला म्हणून आला, आणि त्याहून जास्त, फसवायला आला तो खुणा बघायचं सुद्धा भान न ठेवता आला म्हणून आला. पाण्यात हात घालून मी तशीच बसले. वर जाऊन बाबांना नुसती कॉलर दाखवायची, एक शब्द बोलायचा नाही, की विषय संपला असता. आणि तुळशीचं लग्न झाल्यावर मी छत्रीच्या घरी गेले असते.

बिजवराच्या भीतीने मी गप्प बसले असं म्हणता येईल, आणि ते खोटंही नाही. पण मला आठवत होती ती दोन बटणं. स्वतःचा शर्ट चिखलात घालणाऱ्याचा शर्ट जातो, दुसरं काय जातं? दुसऱ्याचा घालणाऱ्याला मुंबईत परत जाऊन त्या माणसासमोर उभं राहायचं असतं. हे त्याला अंगणात उभं असतानाच कळलं होतं, मी ते बघितलं होतं. तरी तो पळाला. भातही त्याचं नव्हतं.

आता लिहिते आहे इतकं नीट तेव्हा काही मनात आलं नव्हतं. एवढंच आलं की ही कॉलर कुणी बघता कामा नये.

आमच्याकडे रंगीत कापड उलटं करून वाळत घालतात. मी निळा शर्ट सुलट घातला. कॉलर आत दुमडली, दोरीवर ओढून घेतली आणि वर बांबूचा चिमटा लावला. पँटीची कमरपट्टी अशीच दुमडली. रुमाल पदराआड पिळला आणि पँटीच्या खिशात ठेवून दिला.

आई म्हणाली, "उलटं घाल गो, रंग उडंल."

"उन्हं उतरली. उलटं घातलं तर वाळायचं न्हाय," मी म्हटलं. दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नव्हता, पण आई दमलेली होती.

तेवढ्यात बाबा अंगणात आले. दोरीपाशी थांबले. शर्टाची बाही त्यांनी बोटांत धरून चोळली, कापड बघायची त्यांची सवय होती ती. "बरं हाय कापड," म्हणाले, आणि हात बाहीवरून वर, चिमट्याकडे गेला. त्यांनी कॉलर धरली. वट्यावर बसलेला पाहुणा एकदम उभा राहिला. मला वाटलं, त्याला पाणी हवं असेल.

"बाबा," मी म्हटलं, "तुमच्या हाताला चिखल हाय."

बाबांनी हात बघितला, पंच्याला पुसला आणि तळ्याकडे निघून गेले. पाहुणा पुन्हा खाली बसला.

अर्धवट ओले कपडे घालून दोघे सांजेच्या लाँचला गेले. त्या रात्री जेवताना बाबा आईला म्हणाले, "मुंबईवाल्याला हां सांग. येवढा झ्याक शर्ट, सोताचा, चिखलात घातला त्यानं. इचार न्हाय केला." मी उठून बाबांना आणखी भात वाढला.

लग्नानंतर परळच्या त्या खोलीत पाऊल ठेवलं तेव्हा ह्यांची ट्रंक मीच लावली. निळा शर्ट त्यात नव्हता. चार गंज्या होत्या, चारही भोकाभोकांच्या. तेव्हा कळलं की अंगणात बटणं पुन्हा का लागली. सबंध अंगावर स्वतःचं असं एकच वस्त्र होतं आणि ते दाखवण्यासारखं नव्हतं. मी गंज्या शिवल्या. बाहेर खोलीतले सोबती चहा पीत बसले होते, त्यांतल्या एकाच्या अंगातल्या निळ्या शर्टावर न जाणारे करडे डाग होते. मी वळूनही बघितलं नाही. पुढे गिरणी सुटली, पेणला आलो, ह्यांच्यामुळेच मी सातवीची परीक्षा दिली. आम्ही सगळ्या विषयांवर बोललो. शर्टावर बोललो नाही. बाबा मात्र वारेपर्यंत जावयाचं कौतुक सांगताना तो शर्ट सांगायचे, आणि त्या वेळी हे आणि मी दोघेही दुसरीकडे कुठेतरी बघत असायचो.

यंदा टेरेलीन न घेता आम्ही दुकानातून पॉपलिनच घेऊन आलो. संध्याकाळी माझ्या माहेरच्या गावचा सुदाम आला. मुंबईला गोदीत असतो. रविवारी खारपाटातल्या वाशीकडे मुलगी बघायला जायचंय म्हणाला. मग बराच वेळ हवापाण्याचं बोलला. मग म्हणाला, "मिस्त्री, तुमचा तो पांढरा शर्ट एक दिवसाला गावंल का?"

ह्यांनी खुंटीवरचा शर्ट काढला. परटाकडून आलेला, घडी न मोडलेला. सुदामला द्यायच्या आधी त्यांनी कॉलर उलटी केली, बघितली आणि शर्ट माझ्याकडे दिला.

"आतून एक पट्टी शिवून दे."

"कशाला? फाटलाय कुठे?"

"परटाची खूण आहे."

मी त्यांच्याकडे बघितलं. सुदाम समोर होता, म्हणून असेल, ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुझ्या बाबांनी कॉलर धरली तेव्हा मी खरं सांगायला उठलो होतो. म्हटलं, त्यांना कळण्याआधी आपण सांगावं आणि चालू पडावं. तर तू चिखल दाखवलास."

"मग?"

"मग बघितलं की चिमटा कुठे लावलाय." त्यांनी सुदामपुढे चहाचा कप सरकवला. "सुदामचं नशीब काय असेल ते असो. सगळ्याच मुली कॉलर दुमडून वाळत घालत नाहीत."

सुदामला काही कळलं नाही. त्याने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि चहा संपवला.

इतकी वर्षं मी समजत होते की त्या दिवशी निवड मी केली, एकटीने, कुणाला न सांगता. आयुष्यात तेवढी एक गोष्ट माझी होती. ती तशी नव्हती, ह्यांना ते पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, हे ऐकून वाईट वाटायला हवं होतं. उलट मला इतकं बरं वाटलं की सुईत दोरा ओवता येईना. शेवटी ह्यांनीच तो ओवून दिला, आणि मी पट्टी शिवायला बसले.